‘गोजिरा’ आणि त्याचे अमेरिकन अवतार

एखादी कथा एका देशांतून दुसऱ्या देशांत जाते तेव्हां तिची भाषा बदलते, पात्रांचीं नांवें बदलतात, वेषभूषाहि बदलते, आणि यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. पण कधीं कधीं ज्या प्रश्नासाठीं ती सांगितली गेली तो प्रश्नच वाटेंत गळून पडतो आणि बाहेरचें सोंग तेवढें शाबूत राहतें. १९५४ सालीं जपानांत निघालेला ‘गोजिरा’ हा भयपट आणि अमेरिकेंत झालेलीं त्याचीं रूपांतरें यांचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. हा राक्षस ‘गॉडझिला’ या इंग्रजी नांवानें आज जगभर ओळखला जातो. मुलांच्या खेळण्यांतहि तो येऊन बसला आहे. त्याच्या जन्माची हकीकत मात्र खेळासारखी नाहीं.

१ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें प्रशांत महासागरांतील बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याचें सामर्थ्य १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या सुमारें हजारपट निघालें. खुद्द तो करणाऱ्या शास्त्रज्ञांचा अंदाज याच्या निम्म्याहूनहि कमी होता. त्या वेळीं ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पांचवा भाग्यशाली ड्रॅगन’, या नांवाची एक जपानी मासेमारी नौका धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर होती. तिच्यावरील २३ खलाशांना पश्चिमेस सूर्य उगवल्यासारखा प्रकाश दिसला, आणि कांहीं तासांनीं त्यांच्या अंगावर पांढरी राख पडूं लागली. स्फोटानें चूर झालेलें किरणोत्सर्गी प्रवाळच तें! नौका १४ मार्चला याइझू बंदरांत परतली, तोंवर खलाशी आजारी झालेच होते. त्यांनीं आणलेली मासळी बाजारांत गेल्याचें कळतांच देशभर घबराट उडाली. नौकेवर बिनतारी यंत्राचें काम पाहणारे आइकिची कुबोयामा हे २३ सप्टेंबर रोजीं मरण पावले. तोक्योच्या सुगिनामी भागांतील गृहिणींनीं हायड्रोजन बाँबविरुद्ध सह्या गोळा करण्यास आरंभ केला. ती चळवळ देशभर पसरून पुढील वर्षापर्यंत सह्यांची संख्या तीन कोटींवर गेली. भारतांतहि पंडित नेहरूंनीं २ एप्रिल रोजीं लोकसभेंत, निदान चाचण्या तरी थांबवून धराव्यात, अशी मागणी केली होती.

असें मोकळेपणानें बोलतां येणें हीच जपानी जनतेला त्या वेळीं नवी गोष्ट होती. १९४५ पासून १९५२ पर्यंत देश दोस्तांच्या, म्हणजे मुख्यतः अमेरिकेच्या, लष्करी अंमलाखालीं होता, आणि अणुबाँबनें केलेल्या संहाराविषयीं काय छापावें व काय छापूं नये यावर त्या अंमलाचा सक्त पहारा होता. तो अंमल संपल्यावर ६ ऑगस्ट १९५२ रोजीं ‘असाही ग्राफ’ या सचित्र पत्रानें हिरोशिमा व नागासाकी येथील छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां असंख्य जपानी लोकांना आपल्याच देशबांधवांच्या त्या यातना प्रथम पाहावयास मिळाल्या. सात वर्षें दाबून ठेवलेलें दुःख नुकतें कोठें बोलूं लागलें होतें, तोंच बिकिनीची राख येऊन पडली.

याच वर्षीं तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियाच्या सहकार्यानें काढावयाचा एक चित्रपट बारगळला आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं तरी देणें त्यांना भाग पडलें. हेतु अर्थातच धंद्याचा होता. कल्पनाहि सर्वस्वीं नवी नव्हती. अणुस्फोटानें जागा झालेला एक प्राचीन प्राणी न्यूयॉर्कवर चालून येतो, असें कथानक असलेला अमेरिकन चित्रपट १९५३ सालींच निघाला होता. तेव्हां पहिली उसनवारी जपाननेंच केली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु उसन्या घेतलेल्या सांगाड्यांत त्यांनीं जो जीव ओतला तो त्यांचा स्वतःचा होता. दिग्दर्शक इशिरो होंडा हे चीनमधील सैनिकी सेवेनंतर १९४६ मध्यें मायदेशीं परततांना उद्ध्वस्त हिरोशिमांतून आले होते. पडद्यावरील चमत्कृतींचें काम एइजी त्सुबुराया यांच्याकडे होतें. याच कलावंतानें युद्धकाळांत, १९४२ सालच्या एका प्रचारपटासाठीं, पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे देखावे लहान प्रतिकृतींच्या साह्यानें उभे केले होते. आतां तेच हात तोक्यो शहराची पंचवीसपट लहान प्रतिकृति बांधूं लागले, ती तुडविली जाण्यासाठीं! सुमारें शंभर किलो वजनाचें रबरी कातडें अंगावर चढवून हारुओ नाकाजिमा हा नट त्या इमारतींवरून चालला. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनीं मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून राक्षसाची डरकाळी निर्माण केली. गोरिला आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या जोडणींतून त्याचें नांव बनलें.

३ नोव्हेंबर १९५४ रोजीं, म्हणजे कुबोयामा यांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांच्या आंत, हा चित्रपट जपानभर प्रदर्शित झाला. त्याचा आरंभच एका जहाजावर होतो. समुद्रावर डोळे दिपविणारा लखलखाट होतो, जहाज पेट घेतें, आणि तारयंत्रावरचा माणूस अखेरपर्यंत संदेश धाडीत राहतो. हें दृश्य कोठून आलें हें त्या वर्षीं कोणा जपानी प्रेक्षकास सांगावें लागलें नसेल. पुढें आगगाडींतील एक तरुणी सोबत्यांपाशीं कुरकुरते: आधीं ती किरणोत्सर्गी मासळी, मग तो पाऊस, आणि आतां हा गोजिरा, नागासाकींतून वांचविलेला जीव आतां कोठें लपवावा? संसदेंत डॉ. यामाने हे वृद्ध शास्त्रज्ञ जाहीर करतात कीं, हा प्राणी हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळें समुद्रतळांतून बाहेर पडला आहे. त्यावर एक सभासद म्हणतो, हें प्रसिद्ध करूं नये, परराष्ट्रसंबंध नाजूक आहेत. सभागृहांतील स्त्रिया संतापून उठतात आणि सत्य सांगा म्हणून आग्रह धरतात. अमेरिकेचें नांव कोणी घेत नाहीं. पण तें न घेण्याचें कारण मात्र त्याच दृश्यांत सांगून टाकलेलें आहे.

राक्षस तोक्योत शिरतो तेव्हां भिंतीशीं बसलेली एक आई मुलांना छातीशीं धरून, आतां लौकरच आपण बाबांना भेटूं, असें त्यांना सांगते. बाबा कोठें गेले याचा उच्चार नाहीं; युद्धानंतर नऊ वर्षांनीं जपानांत त्याची जरुरीहि नव्हती. दुसऱ्या दिवशींच्या रुग्णालयांत एका मुलापुढें किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र धरलें जातें आणि तें खडखडूं लागतें. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, या चित्रपटांत भयानकाच्या खालून सतत करुण वाहत असतो.

शेवटीं राक्षसाला मारूं शकेल असें एकच साधन उरतें: तरुण शास्त्रज्ञ सेरिझावा यांनीं योगायोगानें शोधलेलें, पाण्यांतील प्राणवायु नष्ट करून सर्व जीवांचा नाश करणारें अस्त्र. सेरिझावा तें देण्यास तयार नसतात. एकदां तें जगास दिसलें कीं राज्यकर्ते त्याचें अणुबाँबसारखेंच हत्यार करतील, ही त्यांची भीति आहे. अखेर मुलींची शांतिप्रार्थना ऐकून त्यांचें मन द्रवतें; ते आपले सारे कागद जाळतात, स्वतः समुद्रतळाशीं उतरतात, अस्त्र सोडतात, आणि आपला दोर आपल्याच हातानें कापतात. ज्ञान डोक्यांत उरलें तरी पुरे, म्हणून डोकेंहि उरूं द्यावयाचें नाहीं! त्यानंतरहि विजयाचा जयघोष नाहीं. डॉ. यामाने स्वतःशींच पुटपुटतात कीं, हा शेवटचा गोजिरा होता असें वाटत नाहीं. चाचण्या चालूच राहिल्या तर जगांत कोठें तरी दुसरा उठेल.

दोन वर्षांनीं, एप्रिल १९५६ मध्यें, हा चित्रपट ‘गॉडझिला, राक्षसांचा राजा’ अशा अर्थाच्या नांवानें अमेरिकेंत झळकला. अमेरिकन खरेदीदारांनीं मूळ चित्रांचीच काटछांट करून त्यांत टेरी मोर्स यांच्या दिग्दर्शनाखालीं घेतलेलीं नवीं दृश्यें जोडलीं. रेमंड बर हे नट स्टीव्ह मार्टिन नांवाचे अमेरिकन वार्ताहर झाले. ते कैरोस जातां जातां तोक्योत थांबलेले आहेत आणि सारा अनर्थ त्यांच्या डोळ्यांनीं दिसतो. जपानी पात्रांशीं त्यांचें संभाषण घडविण्यासाठीं पाठमोरे तोतये उभे करण्यांत आले. ९६ मिनिटांचा चित्रपट, नवीं दृश्यें धरूनहि, ८० मिनिटांचा झाला.

काय गेलें? आगगाडींतील ती नागासाकीची तरुणी गेली. संसदेंतील तो वाद गेला. भिंतीशीं बसलेली आई राहिली, पण तिच्या शब्दांना भाषांतर मिळालें नाहीं. हायड्रोजन बाँबचा उल्लेख अगदींच पुसला नाहीं, हें खरें, डॉ. यामाने यांच्या तोंडीं तो आहे. परंतु तो एक शास्त्रीय खुलासा म्हणून येतो आणि निघून जातो. शेवट तर पार उलटा झाला. डॉ. यामाने यांच्या शंकेच्या जागीं वार्ताहराचें निवेदन आलें: संकट टळलें, एक थोर पुरुष गेला, आतां जगानें निर्धास्तपणें जगावें. करुणाची जागा अद्‌भुतानें घेतली; जें आरोपपत्र होतें, त्याची बातमी झाली.

याचा दोष केवळ दुष्टाव्यावर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. परभाषेंतील चित्रपट पडद्यावरील अक्षरें वाचीत पाहणारा वर्ग अमेरिकेंत लहान होता, आणि ओळखीचा नट असल्याशिवाय सामान्य प्रेक्षक येणार नाहीं, हा धंद्याचा हिशेब होता. युद्ध संपून अवघीं अकरा वर्षें झालीं असतां जपानी माणसें सहानुभूतीनें दाखविणारा, आणि जपानी शास्त्रज्ञाचा त्याग थोर मानणारा हा चित्रपट तिकडे चालला, हेंहि थोडें नव्हे. गोजिरा जगाला माहीत झाला तो या रूपांतरामुळेंच. १९५७ सालीं तें जपानांतहि दाखविण्यांत आलें. तरीपण त्याच काळांतील एक राजकीय घटना या काटछांटीशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९५५ मध्यें अमेरिकेनें बिकिनीच्या स्फोटाबद्दल जपानला २० लक्ष डॉलर दिले, मात्र कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न बाजूस ठेवून. पैसे मिळाले, अपराध कोणाचा, हें कागदावर आलें नाहीं. चित्रपटाच्या बाबतींतहि निराळें काय घडलें?

पुढचा अवतार १९९८ सालचा. या वेळीं अमेरिकेनें सर्व चित्रपट नव्यानें बनविला. दिग्दर्शक होते मूळचे जर्मन असलेले रोलँड एमेरिख. राक्षस आतां एका सरड्याचा विकृत वंशज झाला आणि न्यूयॉर्कवर आला. त्याला जन्म देणाऱ्या चाचण्या मात्र फ्रान्सच्या दाखविल्या; एक फ्रेंच हेर आपल्या देशाचें पाप निस्तरण्यासाठीं अमेरिकेंत येतो. फ्रान्सनें पॉलिनेशियांत १९६६ पासून १९९६ पर्यंत चाचण्या केल्या, आणि शेवटच्या चाचण्यांवर जगभर निषेधहि झाला होता. म्हणून हा आरोप खोटा नव्हे. परंतु १९४६ ते १९५८ या काळांत मार्शल बेटांवर स्वतः ६७ अणुस्फोट करणाऱ्या देशानें आपल्या पापाचें खापर असें शेजाऱ्याच्या डोक्यावर फोडावें, हें पाहून कोणासहि हसूं येईल. तोहो कंपनीनें पुढें या प्राण्याला ‘झिला’ असें वेगळें नांव दिलें आणि २००४ सालच्या आपल्या चित्रपटांत खऱ्या गोजिराकडून त्याचा क्षणार्धांत निकाल लावला.

२०१४ सालचें रूपांतर अधिक गंभीर आहे. गॅरेथ एडवर्ड्स दिग्दर्शित या चित्रपटांतील जपानी शास्त्रज्ञाचें नांव इशिरो सेरिझावा, आणि हिरोशिमाच्या स्फोटाच्या वेळीं, सव्वाआठ वाजतां, बंद पडलेलें वडिलांचें घड्याळ तो जवळ बाळगतो. पण याच चित्रपटानें अशी कल्पना लढविली आहे कीं, १९५४ च्या त्या चाचण्या वास्तविक चाचण्याच नव्हत्या. तो राक्षसाला ठार मारण्याचा प्रयत्न होता! मूळ कथेंत बाँबनें राक्षस उठविला. येथें राक्षसासाठीं बाँब टाकावा लागला. कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली, आणि करणारा नामानिराळा राहिला.

जपानी चित्रपटाचाहि एक डोळा मिटलेला होता. बिकिनीची राख रोंगेलॅप बेटावरील लोकांच्या अंगावरहि पडली. त्यांना दोन दिवसांनीं हलविण्यांत आलें, १९५७ मध्यें परत नेण्यांत आलें, आणि १९८५ मध्यें आपलें बेट त्यांना पुन्हां सोडावें लागलें. तोक्योच्या पडद्यावर त्यांचें दुःख आलें नाहीं, न्यूयॉर्कच्या पडद्यावरहि नाहीं. आणि ज्या युद्धाच्या शेवटीं हिरोशिमा घडलें त्यांत जपाननें चीनमध्यें व इतरत्र काय केलें, याविषयींहि १९५४ चा ‘गोजिरा’ मौनच पाळतो.

मूळ जपानी ‘गोजिरा’ अखंड स्वरूपांत अमेरिकेंतील चित्रगृहांत सर्वदूर दाखविला गेला तो २००४ सालीं, पन्नास वर्षांनीं. ती मासेमारी नौकाहि अशीच फिरली. किरणोत्सर्ग धुऊन काढल्यावर ती मत्स्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठीं वापरली गेली, मोडीत निघाली, आणि तोक्योच्या युमेनोशिमा या कचऱ्यानें भरून काढलेल्या बेटावर टाकून देण्यांत आली. लोकांनीं आवाज उठविल्यावर ती जतन झाली, आणि १९७६ पासून तेथेंच एका प्रदर्शनगृहांत उभी आहे. लांकडाचीच ती नौका, फार मोठीहि नाहीं. राक्षसाला पडद्यावर वारंवार नवें शरीर मिळालें. पण तो कोणीं जागा केला, या प्रश्नाचें उत्तर पाहावयाचें असेल तर तें या जुन्या लांकडांत पाहावें लागतें.