गालिचा उलटून बघा!

तीन वर्षांपूर्वी नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हौसेने एक गालिचा घेतला. "साहेब, शंभर टक्के हातकाम," दुकानदार म्हणाला आणि आम्ही पैसे मोजून मोकळे झालो. परवा दिवाळीच्या सफाईत तो उचलला, तर खाली पांढरी पूड! उलटून बघतो तर मागे कापड चिकटवलेलं. म्हणजे हातकाम होतं, पण गाठ एकही नव्हती.

मग काय, सगळा वीकेंड वाचण्यात गेला.

गाठींच्या गालिच्यात उभ्या ताण्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतात. एक ओळ झाली की आडवा बाणा घालून ठोकतात. तुर्की गाठ दोन्ही ताण्यांना वेढते. इराणी गाठ एकाला वेढते आणि दुसऱ्याच्या मागून नुसतीच जाते. १९४९ साली अल्ताय पर्वतात पाझिरिक इथल्या थडग्यात रुदेन्को यांना बर्फात गोठलेला गालिचा सापडला. वय दोन हजार वर्षांहून जास्त, आणि गाठी चक्क तुर्की पद्धतीच्या!

मला जास्त भावली ती इराणमधल्या अर्दबिलच्या दर्ग्यातली जोडी. साल १५३९-४०, चौरस इंचाला साधारण ३४० इराणी गाठी. एकोणिसाव्या शतकात दोन्ही गालिचे फाटले होते. एकाचे तुकडे वापरून दुसरा दुरुस्त केला आणि तो १८९३ मध्ये, विल्यम मॉरिसच्या सल्ल्याने, लंडनच्या म्युझियमने २००० पौंडांना घेतला. गाठींचं हेच तर आहे, फाटलं तरी पुन्हा विणता येतं.

आपली सतरंजी वेगळी. तिच्यात गाठी नाहीत, बाणाच ताण्यांना झाकतो. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या, वजन कमी आणि धुवायला सोपी.

आणि आमचा? त्याला टफ्टेड म्हणतात. ताणलेल्या कापडात हातातल्या गनने लोकर घुसवायची, मागे लेटेक्सचा थर द्यायचा, वर कापड चिकटवायचं. काम झटपट होतं, म्हणून स्वस्त पडतं. पण लेटेक्स वाळला की त्याची पूड होते आणि लोकर सुटायला लागते. त्याला रफू नाही.

टफ्टेड घेऊच नका असं नाही. भाड्याच्या घरात चार-पाच वर्षांसाठी ठीक आहे, फक्त गाठींच्या गालिच्याचे पैसे देऊ नका. दुकानात कोपरा उलटा करा. नक्षी मागेही स्पष्ट दिसली आणि झालर ताण्यांचीच निघाली, तर बहुतेक गाठींचा. मागे कापड असेल, तर सरळ विचारा.

मी विचारलं नव्हतं. असो, आता रोज झाडू मारतोय!