पोपचे पत्र, काळे मांजर आणि प्लेग

युरोपच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तेराव्या शतकात पोप नववा ग्रेगरी याने मांजर हे सैतानाचे रूप असल्याचे जाहीर केले. मग गावोगावी मांजरांची कत्तल झाली, उंदीर माजले, आणि पुढे ‘काळा मृत्यू’ म्हणजे प्लेगची साथ आली तेव्हा उंदरांना आवर घालायला मांजरेच उरली नव्हती. अन्नसाखळीचा धडा शिकवताना हिचा मोह पडावा अशीच ही गोष्ट आहे. अंधश्रद्धा, निसर्गाचा बिघडलेला तोल, केल्या कर्माचे फळ, सगळे एकाच ठिकाणी सापडते. पण ती खरी आहे का? आणि नसेल, तर आली कुठून?

पोपचे पत्र मात्र खरे आहे. ते १२३३ च्या जूनमध्ये जर्मनीतील माइन्झचे आर्चबिशप आणि इतर काही जणांना पाठवलेले होते. ‘वॉक्स इन रामा’ या लॅटिन शब्दांनी ते सुरू होते, म्हणून तेच त्याचे नाव पडले. त्या भागात पाखंडी लोकांचा एक गुप्त पंथ असल्याच्या तक्रारी पोपकडे गेल्या होत्या. त्या करणाऱ्यांत कोनराड नावाचा एक कडवा तपासनीस पुढे होता. पंथात नव्याने येणाऱ्याला काय काय करावे लागते याचे पत्रात सविस्तर वर्णन आहे. आधी एका बेडकाचे चुंबन, मग बर्फासारख्या थंड, फिकट माणसाचे. जेवण झाल्यावर एका पुतळ्यातून काळे मांजर उलट्या पावलांनी उतरते. ते मध्यम कुत्र्याएवढे असते, शेपटी उभारलेली असते, आणि जमलेले लोक त्याच्या मागच्या भागाचे चुंबन घेतात!

हे सारे भयंकर आहेच, पण पत्रात शिक्षा सांगितली आहे ती माणसांना. मांजरे मारा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

मग त्या वर्णनात मांजर शिरले कसे? ते पोपने शोधून काढलेले नाही. त्याच्या आधी सुमारे पन्नास वर्षे वॉल्टर मॅप या इंग्लंडच्या दरबारी लेखकाने असेच, दोरावरून उतरणारे मोठे काळे मांजर लिहून ठेवले होते. त्याच सुमारास फ्रान्समधल्या आलां द लील या विद्वानाने ‘कॅथर’ या पाखंडी पंथाच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना एक गंमत केली. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘शुद्ध’. पण लॅटिनमध्ये मांजराला ‘कॅटस’ म्हणतात. तेव्हा हे लोक मांजराच्या रूपातल्या सैतानाला भजतात म्हणून कॅथर, अशीही एक उपपत्ती त्याने दिली. शब्दांच्या नुसत्या साम्यावरून सांगितलेली व्युत्पत्ती किती दूर जाते, हे भाषेच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

त्या काळात मांजरे सुखात होती असेही नाही. त्यांची कातडी कपड्यांना वापरत. १२७ वर्षे अगोदर नव्हे, पण पत्राच्या शंभरेक वर्षे आधी, ११२७ मध्ये, इंग्लंडमधल्या धर्मसभेने जोगिणींना कोकराच्या किंवा मांजराच्या कातडीहून महाग फर वापरू नये असे बजावले होते. बेल्जियममधल्या ईप्र गावी घंटाघरावरून जिवंत मांजरे खाली फेकण्याची प्रथा १८१७ पर्यंत चालू होती. पण दुसरी बाजूही पाहा. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये एकांतवास पत्करलेल्या स्त्रियांसाठी लिहिलेल्या नियमावलीत कोणतेही जनावर पाळायला मनाई आहे, अपवाद फक्त मांजराचा. एक्झिटरच्या कॅथीड्रलच्या हिशेबात तर १३०५ पासून मांजरासाठी आठवड्याला एक पेनी खर्च टाकलेला आढळतो. पोपच्या पत्रानंतर सत्तर वर्षांनी चर्चच मांजराच्या पोटाची सोय करीत होते!

आता तारखा मांडू. पत्र १२३३ चे. प्लेगची जहाजे सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली १३४७ च्या ऑक्टोबरात. मधे ११४ वर्षे गेली. मांजरीला वर्षात दोनतीन वेळा पिल्ले होतात, हे लक्षात घेतले तर एवढ्या काळात एखादी कत्तल कधीच भरून निघाली असती. शिवाय १३४८ मध्ये कैरोतही प्लेगने हाहाकार केला. तिथे पोपची सत्ता नव्हती आणि मांजरे लोकांची लाडकी होती.

आणखी एक अडचण आहे, ती मांजराच्याच बाजूने. मांजर चिचुंद्री, उंदीर सहज मारते. पूर्ण वाढलेल्या घुशीसारख्या मोठ्या उंदराच्या वाटेला ते फारसे जात नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर भरले फक्त दोन. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला झाल्याची उदाहरणे अमेरिकेत आहेत.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. ‘मांजरे गेली म्हणून उंदीर वाढले, म्हणून प्लेग आला’ असे म्हणायला उंदीर आणि प्लेग यांचा संबंध ठाऊक हवा. १३४८ मध्ये तो युरोपात कोणाला ठाऊक नव्हता. पॅरिसच्या वैद्यांनी त्या वर्षी दोष दिला तो १३४५ मधल्या ग्रहांच्या युतीला आणि दूषित हवेला. १६६५ च्या साथीत लंडनच्या अधिकाऱ्यांनी कुत्र्यांबरोबर मांजरेही मारायला लावली, ती रोग पसरवतात म्हणून! प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये हाँगकाँगला. उंदरावरच्या पिसवांमार्फत तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्याआधी, १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या साथीत त्याने इथेही काम केले होते.

म्हणजे मध्ययुगीन वाटणारी ही गोष्ट १८९८ च्या आधी जुळूच शकत नव्हती. तिचा एक तुकडा जर्मनीतल्या पत्रातला, तर दुसरा आपल्या बंदरांतला. दोन्ही तुकड्यांना नीट जोडणारे लेखन तर फारच अलीकडचे आहे. डोनाल्ड एंगेल्स यांच्या १९९९ मधल्या पुस्तकाने या जोडणीला बरेच बळ दिले.

मधला एक दुवा अमरावतीचा आहे. तिथले सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले, की प्लेग रोखायला घरोघरी मांजरे पाळावीत. ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तिथे प्लेग नाही किंवा थोडा, असे त्यांचे निरीक्षण होते. हे निरीक्षण बरोबर असले, तरी श्रेय मांजरांनाच द्यायचे का? त्या गावांत आणखी काय वेगळे असू शकेल, आणि ते तपासायला ब्यूकॅनन यांनी काय काय मोजायला हवे होते, याची यादी नववी-दहावीच्या मुलांकडून करून घेता येईल.