‘इतर’: कल्याण कॅम्पच्या नोंदीतला एक शब्द

१/ उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे म्हणतात. हा कॅम्प मूळचा निर्वासितांचा नव्हे, लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याण आणि अंबरनाथ यांच्या दरम्यान संक्रमण छावणी उभारली. आजचा धागा तिच्या नोंदीतल्या एका शब्दाविषयी.

२/ छावणीची क्षमता सांगताना आकडे दिले जातात ते असे: ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर. म्हणजे एका सैनिकामागे पाच ‘इतर’.

३/ सैन्य पोटावर चालते, हे आपण सहज बोलतो. पण ते पोट भरतो कोण? लष्करी छावणी चालते ती आचारी, भिश्ती, धोबी, न्हावी, मोची, हमाल आणि सफाई कामगार यांच्या बळावर. संक्रमण छावणीत तुकड्या येत आणि पुढे जात. नव्या तुकडीसाठी चूल पुन्हा पेटवावीच लागे.

४/ लष्करी परिभाषेत या माणसांना ‘फॉलोअर’ म्हणत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे १४ लाखांपैकी साडेपाच लाखांहून अधिक बिगर-लढाऊ होते. मेसोपोटेमियातील ऊन आणि रोगराई त्यांनीही सोसली. दर्जा आणि वेतन मात्र सैनिकापेक्षा खालचे.

५/ इंग्रजांना बोल लावण्यापूर्वी आपली भाषाही तपासावी. मराठी फौजेबरोबरच्या अशा लोकांना ‘बुणगे’ म्हणत. आज ‘बाजारबुणगे’ ही शिवी आहे. पानिपतावर बुणग्यांमुळे अन्नधान्याचा ताण वाढला, हे खरे. पण बैल हाकणारे, दाणावैरण आणणारे, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार नसते, तर फौज पानिपतापर्यंत पोहोचली असती का?

६/ १७६१ च्या त्या पराभवाची खबर देणारे सांकेतिक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात मोती आणि मोहरा मोजलेल्या आहेत. खुर्द्याची गणती नाही. बुणगे त्या खुर्द्यातले.

७/ युद्ध संपले, छावणी ओस पडली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. निर्वासितांच्या जिद्दीचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा. त्याआधीच्या तीस हजारांचा मात्र कुठे उल्लेख होत नाही.

८/ बुणगे, फॉलोअर, इतर. शब्द बदलले, नोंद तशीच राहिली. शेजारच्या अंबरनाथला आजही आयुध निर्माणी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तुमच्या घरातील कोणी छावणीत किंवा निर्माणीत राबले असेल, तर त्यांचे नाव, काम आणि साल वहीत लिहून ठेवा. सरकारी कागदात ते ‘इतर’ असतील. घरच्या वहीत तरी नावानिशी राहोत.