न दिसणारा उजेड : सुरतेचा हिरा आणि कारागिराचा डोळा

सुरत म्हटलं की आपल्याला 1664 ची स्वारी आठवते. खानदेशातल्या कितीतरी घरांना मात्र सुरत म्हणजे उधना, लिंबायत, पांडेसरा, म्हणजे पोटापाण्याचं गाव. त्याच शहरातल्या हिऱ्याच्या कारखान्यांत गेल्या तीसेक वर्षांत एक बदल झाला. त्याची नोंद इतिहासात व्हायला हवी.

कच्चा हिरा कापायला पूर्वी फॉस्फर-ब्राँझची कागदासारखी पातळ चकती असे. तिला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावायची. एका खड्याला कित्येक तास लागत. धोके होते, पण ते कळत तरी होते : डोळ्यांवरचा ताण, धूळ, तुटलेली चकती.

1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये निओडिमियम-याग लेझर तयार झाला आणि 1990 च्या दशकात असे लेझर सुरतेच्या हिरेकामात रुळले. तासांचं काम मिनिटांवर आलं. किरणाच्या उष्णतेने कापाच्या रेषेत हिऱ्याचं ग्राफाइट होतं, म्हणून कापलेला भाग काळा पडतो.

खरी गोम पुढे आहे. या लेझरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर. आपल्याला दिसतं साधारण 400 ते 700. म्हणजे हा किरण डोळ्याला दिसतच नाही, पण बुबुळातून आरपार जाऊन थेट पडद्यावर एकवटतो. झगझगीत उजेडात पापणी आपोआप मिटते. इथे ती मिटत नाही. पडद्यावर भाजलेली जागा सहसा भरून येत नाही.

आता कायदा बघा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 35 डोळ्यांच्या रक्षणाचं होतं. त्यात धोके दोन होते : उडणारे कण आणि अति प्रकाश. हे शब्द लिहिले गेले तेव्हा लेझर जन्मायला 12 वर्षं होती. डोळ्यासमोर असणार वेल्डिंग आणि भट्टी. शिवाय त्या मूळ कायद्यानुसार, वीज वापरणाऱ्या जागेत 10 कामगार असतील तरच तो कारखाना ठरत असे. हिऱ्याच्या छोट्या खोल्या त्याबाहेरच राहत.

यंत्र बंदिस्त असेल, झाकण उघडताच किरण थांबत असेल आणि काम कॅमेऱ्यातून बघता येत असेल, तर धोका फारसा नाही. तो वाढतो दुरुस्तीच्या वेळी, आरसे जुळवताना, झाकण उघडं ठेवून यंत्र चालवलं की. तेव्हा त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो. साधा काळा गॉगल उपयोगाचा नाही.

हिऱ्याचा इतिहास लिहिताना आपण कॅरेट मोजतो, निर्यात मोजतो. पहिल्या पिढीतले लेझर चालवणारे कारागीर आज पन्नाशी-साठीत असतील. झाकण कधी उघडं ठेवत, चष्मा कोण देई, नजर अधू झाल्यावर काम कोणतं मिळे, हे त्यांनाच ठाऊक आहे. जुनी यंत्रं भंगारात जाण्याआधी आणि ही माणसं गावी परतण्याआधी त्यांच्या मुलाखती घ्यायला हव्यात. स्थानिक इतिहासाच्या मंडळांना जमण्यासारखं हे काम आहे.