हरलेल्या सामुराईंनी वाचलेले पुस्तक

नव्या महिन्याची वाचनयादी करताना इतिहासप्रेमी मंडळी उद्योग आणि नेतृत्व या विषयांवरच्या पुस्तकांना सहसा थारा देत नाहीत. विमानतळावर विकले जाणारे वाङ्मय म्हणून त्यांची हेटाळणी होते आणि बऱ्याचदा ती रास्तही असते. मात्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे असे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वाचता येते. ते कोणी वाचले, कोणत्या अडचणीत वाचले आणि वाचून काय केले, हे तपासता येते. या महिन्यासाठी असे एक पुस्तक सुचवतो आणि त्याच्या मागे-पुढे काय वाचावे तेही सांगतो.

पुस्तक आहे सॅम्युएल स्माइल्स याचे ‘सेल्फ-हेल्प’. डॉक्टरकी सोडून लीड्सच्या एका वृत्तपत्राचा संपादक झालेला आणि पुढे रेल्वे कंपनीचा चिटणीस बनलेला हा स्कॉटिश गृहस्थ. पुस्तकाचा जन्म मोठा हृद्य आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवावे, असे तिथल्या दोन-तीन गरीब तरुणांनी ठरवले. आधी एकाच्या झोपडीत आणि उन्हाळ्यात बागेतल्या लाकडी खोपटाभोवती उघड्यावर त्यांचे वर्ग भरत. पुढचा हिवाळा आला तेव्हा भाड्याने मिळाली ती कळकट खोली एके काळी पटकीच्या रुग्णांचे तात्पुरते इस्पितळ होती आणि त्या धास्तीने ती कोणी घेत नव्हते. संख्या शंभराच्या आसपास गेल्यावर त्यांनी १८४५ साली स्माइल्सला व्याख्यानासाठी बोलावले.

ती व्याख्याने वाढवून केलेले हस्तलिखित एका प्रकाशकाने नाकारले. अखेर १८५९ मध्ये जॉन मरे यांनी ते छापले. त्याच वर्षी त्याच प्रकाशकाने डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ही काढला होता. स्माइल्सच्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षातच वीस हजार प्रती खपल्या.

आता जपान. टोकुगावा शोगुनशाहीने १८६६ मध्ये काही विद्यार्थी इंग्लंडला धाडले. त्यांचे एक पालक म्हणून नाकामुरा मासानाओ हे कन्फ्यूशियन पंडित सोबत गेले. दोन वर्षांत इकडे शोगुनशाहीच कोसळली आणि त्यांना परतावे लागले. निघताना फ्रीलंड नावाच्या इंग्रज मित्राने त्यांना ‘सेल्फ-हेल्प’ भेट दिले. परतीच्या जहाजावर त्यांनी त्याची पारायणे केली.

नाकामुरा परतले ते एका पराभूत घराण्याच्या आश्रयाला. टोकुगावांची सत्ता जाऊन त्यांच्याकडे शिझुओकाचा सात लाख कोकू उत्पन्नाचा मुलूख तेवढा उरला होता. हजारो सामुराई त्यांच्यामागे तिथे आले, पण त्यांना पोसण्याइतके धान्य त्या मुलखात नव्हते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या तांदळावर जगल्या, त्यांनी आता करायचे काय? १८१८ नंतरचे पुणे ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना ही स्थिती नवखी वाटणार नाही.

तिथे शिकवत असताना नाकामुरांनी पुस्तकाचे भाषांतर केले. १८७१ मध्ये ते ‘साइगोकु रिस्शी हेन’ या नावाने अकरा भागांत प्रसिद्ध झाले. युद्धशास्त्राचा ग्रंथ सोडून हा का निवडला, या शंकेला त्यांनी प्रस्तावनेत उत्तर दिले आहे. पाश्चात्त्य देशांचे बळ तोफांत नसून तिथल्या माणसांच्या चारित्र्यात आहे, असा त्याचा आशय. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे मला वाटते, तोफा होत्याच. पण जन्मावर दर्जा ठरणाऱ्या समाजाला कुंभार, विणकर आणि यंत्र घडवणारे कारागीर आदर्श म्हणून दाखवणे, हे १८७१ साली लहान धाडस नव्हते. ते शाळांतून नीतिपाठ म्हणून शिकवले गेले. पुढे यंत्रमाग घडवणारे साकिची टोयोडा हेही त्याचे वाचक.

याच शिझुओकात आणखी एक माणूस होता, शिबुसावा एइइची. निळीचा व्यापार करणाऱ्या शेतकरी घरातला हा तरुण शोगुनच्या भावासोबत १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाला गेला होता. परतल्यावर १८६९ मध्ये त्याने शिझुओकात व्यापारी संस्था काढली. पुढे अर्थखात्यातली नोकरी सोडून १८७३ मध्ये जपानच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेत तो आला आणि सुमारे पाचशे कंपन्यांच्या उभारणीत त्याचा हात लागला. त्याच्या भाषणांचे ‘रोंगो तो सोरोबान’ (कन्फ्यूशियसची वचने आणि मणिफलक) हे पुस्तक १९१६ चे. नफा आणि नीती यांना एकमेकांवाचून टिकता येत नाही, हा त्याचा आग्रह. जुलै २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्याचाच चेहरा आहे.

आता महिन्याची आखणी. ‘सेल्फ-हेल्प’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य आहे. पण ते सलग वाचू नका, कंटाळाल. पहिल्या आठवड्यात प्रस्तावना, यंत्रकारांचे प्रकरण आणि तीन कुंभारांचे प्रकरण एवढे पुरे. १८६६ च्या आवृत्तीची प्रस्तावना चुकवू नका. पुस्तकाच्या नावामुळे लोक त्याला स्वार्थाचे स्तोत्र समजतात, याची खंत स्माइल्सने तिथेच व्यक्त केली आहे. पुढचे दोन आठवडे अर्ल किन्मंथ यांच्या ‘द सेल्फ-मेड मॅन इन मेइजी जपानीज थॉट’ (१९८१) या ग्रंथाला द्या. सामुराईपासून पगारदार नोकरापर्यंतचा प्रवास त्यात आहे आणि या उपदेशाने कोणाचे भले झाले नाही, तेही कळते.

शेवटच्या आठवड्यात मुंबईला या. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पोन युसेन काइशाची मुंबई-कोबे बोटसेवा सुरू झाली. कापसाच्या वाहतुकीवरची पी. अँड ओ. कंपनीची मक्तेदारी मोडायची होती. त्या कंपनीने भाडे एकदम खाली आणून दोघांनाही घाम फोडला. टाटांची स्वतःची बोटसेवा त्यात बुडाली, जपान्यांची तगली. फ्रँक हॅरिस यांनी लिहिलेल्या टाटांच्या चरित्रात (१९२५) ही हकिगत आहे. एक तगली आणि एक बुडाली, हे का घडले, याचे तुमचे उत्तर महिनाअखेरीस खाली लिहा.