बीडचा पाऊस : बेरीज आणि वांटणी

पावसाचा हिशेब दोन प्रकारांनीं मांडतां येतो. एक वर्षाच्या बेरजेचा, दुसरा महिन्यांच्या वांटणीचा. बेरीज भूगोलाच्या पुस्तकांत छापली जाते. शेतकऱ्याचें घर चालतें तें वांटणीवर. बीड जिल्ह्याचा इतिहास ज्यास समजून घ्यावयाचा असेल त्यास हा दुसरा हिशेब पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

१८७५ सालीं जपानांत टोकिओ येथें हवामानाच्या सरकारी नोंदींस आरंभ झाला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत हवामानखातें स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. टोकिओच्या कोष्टकांत बाराहि महिन्यांस पाऊस सांपडतो. जून-जुलईंत 'बाइ-उ' नांवाची झड लागते, सप्टेंबर-आक्टोबरांत वादळांचा पाऊस येतो, आणि हिवाळाहि अगदींच कोरडा जात नाहीं. वर्षाची बेरीज सुमारें सोळाशें मिलिमीटर होते. बीडचें चित्र निराळें. येथील सरासरी सुमारें ६६६ मिलिमीटर, म्हणजे सव्वीस इंच. त्यांतील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचे रकाने जवळजवळ रिकामेच.

याचें कारण सह्याद्रि. अरबी समुद्रावरून येणारे ढग घांट चढतांना रिते होतात. महाबळेश्वरीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पण शिखर ओलांडून पूर्वेकडे उतरतांच तो झपाट्यानें कमी होतो. बीड या पर्जन्यछायेंत आहे. कोंकणांत जुलईचा महिना पावसाचा राजा. बीडकडे मात्र जुलई-आगस्टांत पुष्कळदां दीर्घ उघडीप पडते. पुढें बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचीं क्षेत्रें पश्चिमेकडे सरकलीं म्हणजे सप्टेंबरांत पाऊस पुन्हां जोर धरतो.

कोष्टकें छापलीं जाण्यापूर्वीं शेतकऱ्यानें ही वांटणी नक्षत्रांच्या नांवांनीं बांधून ठेविली होती. मृगावर बाजरी व तूर पेरावयाची. पुनर्वसूचा पाऊस तो 'तरणा', पुष्याचा तो 'म्हातारा'. आणि हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या, पावसावर शाळूचा भरंवसा. काळी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते. त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी कोरड्या महिन्यांत वाढते. मृग चुकला तर शेतकरी हस्ताची वाट पाहतो. दोन्ही चुकले तर पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

असे प्रसंग इतिहासांत वारंवार आले. १६३० सालीं दक्षिणेंत पाऊस गेला. त्याच दुष्काळांत, १६३१ च्या आरंभीं, मोंगल सरदार आजमखान यानें या जिल्ह्यांतील धारूरचा किल्ला निजामशाहीकडून घेतला. पण शेजारच्या परिंड्याचा वेढा मात्र वैरणीच्या अभावीं त्यास उठवावा लागला. १८९९ सालीं पुन्हां पावसानें दगा दिला. त्या वेळीं बीड निजामाच्या राज्यांत होतें. १८९१ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची वस्ती सहा लाखांवर होती; १९०१ मध्यें ती पांच लाखांच्या आंत आली. त्या दशकांतील दुष्काळांचा हिशेब याहून स्पष्ट कोणत्या आंकड्यांत मिळणार?

१९७२ च्या दुष्काळांत मात्र माणसें तशीं मेलीं नाहींत. सरकारनें खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं व तळ्यांचीं कामें काढलीं. त्या अनुभवांतूनच रोजगार हमी योजनेस बळ येऊन १९७७ सालीं तिचा कायदा झाला.

पावसाची वांटणी माणसास बदलतां येत नाहीं. सांठवण मात्र करतां येते. सोळाव्या शतकांत बीडजवळ बांधलेल्या खजाना विहिरीनें भुयारी पाटांतून शेतांस पाणी दिलें. अलीकडे सिंदफणेवर माजलगांवचें आणि मांजरेवर धनेगांवचें धरण झालें. परंतु धरण भरण्यासहि पाऊसच लागतो. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें धनेगांवचें धरण आटल्यामुळेंच.

दसरा-दिवाळी झाली कीं, या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुलें, बैल, भांडींकुंडीं, सर्व बरोबर. कांहीं घरीं म्हातारीं माणसें मागें राहून शाळूची राखण करितात. हस्ताचा पाऊस पडला असेल त्या वर्षीं परतणाऱ्यांस घरांत स्वतःची ज्वारी मिळते. पडला नसेल तर उसाच्या मजुरींतून ती विकत घ्यावी लागते. वर्षाची बेरीज दोन्ही सालीं सारखी असूं शकते.