झऱ्यावर विसंबू नये

संस्थेवर संकट कोसळले तर काय करायचे, याचे लेखी मानक ही आधुनिक व्यवस्थापनाची देणगी समजली जाते. आयएसओ २२३६१ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२२ साली आली. पण वेल्ह्याचे राजगड-तोरणा आणि भोरचा रोहिडा ज्या राज्याने राखले, त्याने असे नियम तीनशे वर्षांपूर्वीच लिहिले होते.

मे १६७४ मध्ये चिपळूणजवळच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका; उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, वैरणीवाचून घोडी मरतील. कुणब्यांचे दाणे ओरबाडलेत तर लोकांना मोगल परवडले असे वाटेल. एका वातीपासून राज्याच्या पतीपर्यंतची साखळी त्यात आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ चे. त्यामागे अनुभव होता. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. इथला कारभार रामचंद्रपंत आणि शंकराजी नारायण यांनी सांभाळला. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड गेला, मार्चमध्ये तोरणा. म्हणूनच आज्ञापत्रातल्या नियमाला कारण जोडलेले असते. गडावर झरा असला तरी त्यावर निर्धास्त राहू नये, टाकी खोदावीत. कारण तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि लढाईत पाणी जास्त लागते. गडाला एकच दरवाजा हा दोष. राजगडाला पाली, गुंजवणे, अळू असे तीन दरवाजे आहेत, शिवाय पद्मावती माचीचा चोरदरवाजा.

पाणी आणि दरवाजे यांचे नियम लिहिता आले. हुकूम कोणाचा मानायचा, हे मात्र कागदावर सुटले नाही. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि ताराबाईंच्या बाजूने असलेल्या शंकराजींपुढे दोन धनी उभे राहिले. त्यांनी भोरजवळ आंबवड्याला देह ठेवला. दोन निष्ठांच्या कात्रीत त्यांनी स्वतःच जीवन संपवले, असे परंपरा सांगते. शाहूंनी त्यांच्या अजाण मुलाला सचिवपद दिले आणि भोरचे पंतसचिव १९४८ पर्यंत टिकले.

आजच्या आराखड्यांत अग्निशामक नळकांडी आणि बाहेर पडायच्या वाटा नेमाने मोजल्या जातात. वरिष्ठांतच फूट पडली तर शेवटचा शब्द कोणाचा, हा रकाना भरलेला आहे का, तेही पाहावे. आंबवड्याची समाधी त्याच रिकाम्या रकान्याची आठवण आहे.